‘कर’ नसलेल्या आडनावांचा मागोवा

आडनावाला ‘कर’ बहुधा गाव सोडल्यावर लागतो. पेणमध्ये राहणाऱ्याला कुणी पेणकर म्हणत नाही. तो मुंबईला आला की पेणकर होतो. कळंबोलीला लागून असलेली रोडपाली आणि पनवेल-उरणची आगरी गावे फिरलात, तर दारावरच्या पाट्यांवर हा ‘कर’ क्वचितच दिसेल. दिसतील पाटील, म्हात्रे, नाईक, भगत, तांडेल. भगत म्हणजे देवाचे पाहणारा, तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख. ही आडनावे कामाची आहेत, गावाची नव्हेत.

यांतले म्हात्रे फार जुने. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दानाची वर्दी ज्यांना दिली जाई, त्यांत ‘महत्तर’ असत, म्हणजे गावातले वडीलधारे. याच शब्दाचा पुढे ‘म्हातारा’ झाला, आणि म्हात्रेही त्याच घरातले. मान पदाचा असल्यामुळे आडनाव एका जातीपुरते राहिले नाही. आगरी, कोळी, पाचकळशी अशा सगळ्यांत म्हात्रे सापडतात. ‘पाटील’चा माग माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांतल्या ‘पट्टकिल’पर्यंत जातो.

मग ही माणसे आली कुठून? ‘महिकावतीची बखर’ म्हणते, बिंब नावाच्या राजाबरोबर पैठणहून 66 कुळे उत्तर कोकणात उतरली. वि. का. राजवाड्यांनी ती 1924 साली छापली. बखरीचा शब्दन्‌शब्द इतिहास मानता येत नाही. पण घाटावरून आल्याची एक खूण उरते: आगरी-कोळ्यांची कुलदेवता एकवीरा आजही घाट चढून कार्ल्यालाच आहे आणि चैत्रात पालख्या तिकडेच निघतात.

पद गेले, आडनाव राहिले. 1962 च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी संपली, पण पाटी कुणी उतरवली नाही. जुन्या सातबाऱ्यावर मात्र पुष्कळदा आडनावच नसे. नुसते स्वतःचे नि बापाचे नाव. एका गावात सगळे एकमेकांना ओळखत, तोवर तेवढे पुरे होते.

ते पुरेनासे झाले 17 मार्च 1970 ला नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाल्यावर. भातखाचरे नि मिठागरे संपादनात गेली. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या उरणजवळच्या जासई परिसरातल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आता भूखंड हवा तर वारस सिद्ध करा! आजोबांच्या फेरफारावर आडनाव नाही, नातवाच्या दाखल्यावर आहे. दोघे एकाच घरातले हे सांगायला प्रतिज्ञापत्र लागू लागले. पूर्वी आडनावाने गावाचे काम चाले, आता कचेरीचे चालते.

2016 साली रोडपाली पनवेल महापालिकेत गेली. तलावाभोवती इमारती उभ्या राहिल्या, आणि गावाच्या नावातला ‘रोड’ इंग्रजी पाट्यांवर सरळ रस्त्याचा झाला. आज एका जिन्यात सांगलीचे पाटील नि इथले पाटील समोरासमोर राहू शकतात. आडनाव एकच, नाते काही नाही. आडनाव पूर्वजांचे पद सांगते, वाट सांगत नाही. वाट कुलदैवत सांगते, जुना फेरफार सांगतो आणि आजीचे माहेर सांगते. यातले पहिले दोन टिकतील. आजीला मात्र आजच विचारा.