अस्सलपणाचे गुण

जुन्या मोटारींच्या स्पर्धेत परीक्षक बहुधा पूर्ण गुणांपासून सुरुवात करतो आणि गाडीभोवती फिरत वजाबाकी करत जातो. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’च्या पद्धतीत ही सुरुवात ४०० गुणांपासून होते. कसोटी अशी : विक्रेत्याने पहिल्या गिऱ्हाइकाच्या हवाली केली त्या दिवशी गाडी जशी असू शकली असती, तशी ती आज आहे का? कारखान्याच्या यादीत जादा पैसे भरून मिळणारी साधने गाडीवर असतील तर ती चालतात. नंतरच्या काळात बसवलेली वस्तू कितीही सोयीची असली तरी तिचे गुण कापले जातात.

यासाठी परीक्षकाला मोटारीचा इतिहास खिळ्यामोळ्यांपर्यंत ठाऊक असावा लागतो. १९२५ च्या गाडीचे दिवे क्रोमने लखलखत असतील तर चूक तिथेच सापडते, कारण क्रोमचा मुलामा मोटारींवर आला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल असे आणि निकेलची झाक किंचित पिवळसर, मवाळ दिसते. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू मोटारींत आला तो १९३६ च्या सुमारास. १९३० च्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो दिसला, तर नंतर कुणाचा तरी हात फिरला आहे हे कळते. वायरींवर विणलेल्या कापडाचे आवरण आहे की प्लॅस्टिकचे, टायर त्या काळच्या मापाचा आहे का, हेही पाहिले जाते. रंगाची परीक्षा सर्वांत अवघड. आपल्याकडच्या गॅरेजांत आजही ज्याचे नाव घेतले जाते तो ‘ड्यूको’ हा १९२०च्या दशकात आलेला नायट्रोसेल्युलोज रंग. त्याची चमक घासून-घासून आणावी लागे आणि ती आजच्या रंगांसारखी काचेरी कधीच नसे.

याच पद्धतीचे टोक पाहायचे तर शेवरोले कॉर्व्हेट या गाडीच्या मालकांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी’कडे पाहावे. तेथे अस्सलपणा आणि सुस्थिती या दोन गोष्टींचे वेगवेगळे गुण असतात आणि ‘टॉप फ्लाइट’ हा मान मिळवायला ९४ टक्के लागतात. कारखान्यातल्या तपासनिसाने केलेल्या खुणा, नको तिथे उडालेला रंगाचा फवारा हे सारे जसेच्या तसे असावे अशी अपेक्षा असते. कामगारांच्या घाईचाही पुरावा जपण्याची ही आस्था मोलाची आहे. मात्र पुसलेली खूण आज कुणी पुन्हा हुबेहूब काढली, तर तिला पुरावा म्हणता येत नाही.

अस्सलपणाचा प्रश्न खरा अवघड होतो तो इथे. ‘कारखान्यातून निघाली तशी दिसणारी’ आणि ‘कारखान्यातून निघाली तीच राहिलेली’ या दोन वेगळ्या गाड्या आहेत. पहिली मिळवायची तर पत्रा उघडा करून नवा रंग, नवे चामडे, नवा मुलामा द्यावा लागतो आणि त्या कामात दुसरी कायमची नाहीशी होते.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथील ‘काँकूर द’एलेगान्स’ ही या क्षेत्रातली सर्वांत मानाची स्पर्धा. तिच्या इतिहासात हा पेच ठळक दिसतो. १९५० मध्ये ती मोटार-शर्यतीच्या जोडीने सुरू झाली तेव्हा सर्वोच्च पारितोषिक नव्याकोऱ्या गाड्यांनाच मिळे. १९५५ मध्ये फिल हिल या शर्यतपटूच्या १९३१ च्या पिअर्स-ॲरो गाडीने ते घेतले आणि जुनी गाडी दुरुस्त करून, सजवून आणण्याची वाट खुली झाली. हाच फिल हिल पुढे १९६१ चा फॉर्म्युला वन जगज्जेता. त्यानंतरच्या दशकांत जीर्णोद्धाराची कला शिखराला गेली आणि मग शिखराच्याही पलीकडे. कारखान्याने कधीच दिली नव्हती इतकी सपाट रंगाची पाठ, कुठेही रेघभर कमी-जास्त नसलेली दारांची फट, आरशासारखे इंजिन. अशा गाडीला पूर्ण गुण देणे म्हणजे जे कधी नव्हतेच त्याला अस्सल म्हणणे, ही टीका रास्त होती.

उत्तर म्हणून जपणुकीचे वर्ग आले. अँटिक ऑटोमोबाइल क्लबने मूळ भाग टिकवलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला. पेबल बीचमध्ये असा वर्ग २००१ पासून आहे. ‘फिवा’ या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तूरीन सनद स्वीकारली. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यासमोर होता. जुने मंदिर किंवा वाडा सांभाळताना जो विवेक लागतो तोच येथे सांगितला आहे : आधी जपणूक, ती अशक्य असेल तेव्हाच जीर्णोद्धार, आणि जे बदलले त्याची नोंद. विरलेले चामडे, पायांनी झिजलेले पेडल, उन्हाने उतरलेला रंग हे या दृष्टीने दोष ठरत नाहीत. ती गाडीची बखर आहे आणि ती खरवडून काढायचा अधिकार मालकालाही जपूनच वापरावा लागतो.

२०२४ मध्ये पेबल बीचचे सर्वोच्च पारितोषिक १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाले. जपणूक वर्गातल्या गाडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. ही गाडी मुळात ग्रां प्री शर्यतीसाठी बनली. नंतर कारखान्यानेच तिचा सुपरचार्जर काढून तिला रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीचे रूप दिले. पुढे ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांनी घेतली आणि ती काळ्या रंगात, पिवळ्या पट्ट्यासह आली. जीर्णोद्धार करणाऱ्याने तिला १९३४ च्या निळ्या शर्यती-रूपात परत नेले असते, तर तेही ‘मूळ’ म्हणता आले असते. मग राजाची गाडी गेली असती. परीक्षकांनी तडे गेलेल्या काळ्या रंगाच्या बाजूने कौल दिला.

गाडीचे भागच बदलत गेले तर काय, हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढेही ती शर्यतींत धावली, तिचे इंजिन बदलले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या जीवघेण्या अपघातानंतर तिच्यावर नवी बॉडी चढली. एक कोटी पौंडांना ती विकण्याचा करार झाला तेव्हा खरेदीदाराने हरकत घेतली की ही ती गाडीच नव्हे. १९२९ मध्ये जिंकलेल्या गाडीचे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते, हे खरेच होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी तिला अस्सल ठरवले. भाग एकामागून एक बदलले, पण गाडीचे आयुष्य कुठे खंडित झाले नाही. तिचे नाव सांगणारी दुसरी गाडीही कुठे नव्हती. निकालातला हा विचार स्पर्धेच्या मैदानावरही उपयोगी पडतो, कारण चासी आणि इंजिनाचे क्रमांक जुळणे महत्त्वाचे असले तरी सगळे सत्य क्रमांकांत मावत नाही.

भारतात हा विषय आता कायद्यातही आला आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात सुटे भाग मिळेनासे झाल्यावर आपल्या अनेक जुन्या गाड्यांत मेकॅनिकांनी दुसरे इंजिन बसवून त्या चालत्या ठेवल्या. त्यांच्यासाठी ही अट कठीण आहे.

संस्थानिकांच्या गाड्यांचा पेच आणखी निराळा. त्या काळी उंची गाड्यांचे अनेक कारखाने केवळ इंजिनासह चासी विकत आणि बॉडी स्वतंत्र कारागीर बांधत. इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूझेनबर्गची चासी अमेरिकन, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. अशा गाडीला ‘विक्रेत्याच्या दुकानातला दिवस’ नसतोच. जुन्या रोल्स-रॉइसची चासी-पत्रे इंग्लंडमध्ये तिच्या चाहत्यांच्या क्लबकडे जपून ठेवली आहेत. पहिला मालक कोण, बॉडी कुणाची, हे त्यांवरून कळते. बाकी अनेक गाड्यांबाबत परीक्षकाला बॉडी बांधणाऱ्याचे आराखडे, राजघराण्याचा पत्रव्यवहार आणि दरबारी समारंभांची छायाचित्रे शोधावी लागतात. कृष्णधवल छायाचित्रात रंग कळत नाही. तो कळतो तो दाराच्या आतल्या कडेला, बिजागरीमागे, ज्या जागी नव्या रंगाचा फवारा पोचला नाही तिथे उरलेल्या जुन्या थरावरून.