कोयता : अवजार की हत्यार?

ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचलही कोयत्यामागेच ठरते. पुण्यात मात्र हा शब्द ‘गँग’ला चिकटला. २०२३च्या आरंभी पोलिसांनी कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून विक्रीची नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितले. मला हा उपाय तोकडा वाटतो. नोंद होते ती सरळमार्गी गिऱ्हाइकाची. गावच्या लोहाराच्या भात्यापाशी आधार कोण मागणार?

अडचण कायद्यातच आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती वा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या आहेत. २०१६च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडते, पण तिथेही शेतीच्या अवजारांना सूट आहेच. म्हणजे पाते कशासाठी घडवले, एवढेच कायदा पाहतो. ते रात्री पेठेत शर्टाखाली कशाला आले, यासाठी पोलिसांना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खालील तात्पुरत्या मनाई आदेशांचा आधार घ्यावा लागतो. खरा प्रश्न तर हाच!

अशा बातम्या आल्या की स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाच्या परवान्याची चर्चा होते. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत एका तरुणीवर भरदिवसा कोयता उगारला गेला, तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने तो नुसत्या हातांनी धरला. दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५मध्ये आहे; १८६०च्या दंडसंहितेतही, कलम ९७मध्ये, तो होताच.