समोर बोलायला कोणी हवं

उरणात राहून मराठी बोलायला शिकणं कठीण आहे असं म्हटलं, तर तुम्ही हसाल. पण जेएनपीटीच्या कंटेनर यार्डात कामाला आलेल्या एखाद्या बिहारी माणसाला विचारून बघा. बाजारात तो धीर करून म्हणतो, 'हा पापलेट... कितीला?' आणि आपण लगेच हिंदीत भाव सांगतो! आपल्याला वाटतं, त्याची सोय केली. त्याचं मराठी मात्र तिथंच थांबतं.

तत्त्वज्ञानाचा मास्तर बोलतोय, तेव्हा विटगेनस्टाइन येणारच. त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली निघालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'च्या सुरुवातीलाच एक गवंडी भेटतो. तो 'फरशी' म्हणतो, मदतनीस फरशी आणून देतो. शब्द कळला याचा पुरावा काय, तर हातात आलेली फरशी. बोलणं असं देवघेवीत मुरतं. नवशिक्याला व्याकरणाचं पुस्तक मिळतं हो, समोरचा गडी मिळत नाही.

तो गडी काही काळ एआय होऊ शकतं. फोनमधल्या बोलणाऱ्या सहायकाला आधी बजावायचं: 'तू मासळीवाली, मी गिऱ्हाईक. फक्त मराठीत, छोट्या वाक्यांत बोल. माझ्या चुका शेवटी सांग.' मग दहादा घासाघीस करा; ते कंटाळत नाही, हसत नाही. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'तो घर' तोंडात बसलेलं असतं. ते अशा सरावानं सुटू शकतं.

उच्चाराचं मात्र तसं नाही. अशी बरीच साधनं आधी आवाजाचा मजकूर करतात आणि त्या मजकुराला उत्तर देतात. मजकूर करताना जो शब्द असण्याची शक्यता जास्त, तो धरला जातो. तुम्ही 'पानी' म्हणालात तरी यंत्र 'पाणी' लिहून मोकळं होऊ शकतं. शिकणारा खूश, चूक तशीच! आणि इथे तिला चूक तरी कोणी म्हणावं? आपल्या आगरी-कोळी घरांत 'पानी'च म्हणतात, 'शाळे'ची 'शाला' होते. यंत्राची मराठी बहुतांशी छापील. मोरा बंदरावरची त्याला कितपत कळेल, मला शंका आहे. ती ऐकायला बंदरावरच जायला हवं.

जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढे लोकल उरणपर्यंत आली. आता बाहेरची माणसं आणखी येतील. त्यांनी घरी फोनशी खुशाल बोलावं. पण बाजारात ती अडखळली, तर आपण जरा थांबू या. 'चारशे' कळलं नाही तर चार बोटं दाखवा, पुन्हा 'चारशे' म्हणा.