नवजात वासराची पहिली शिदोरी

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन शेजारी तालुके. माणिकडोह, येडगाव, वडज आणि डिंभे या धरणांच्या पाण्यामुळे येथील पूर्व भागात बागायत वाढली आणि तिच्या जोडीने दुग्धव्यवसायही रुजला. उरुळीकांचन येथे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या संस्थेने संकरित गोपैदाशीचा प्रसार केला, तर १९७० पासून दूधमहापूर योजनेने देशभर सहकारी दूधसंकलनास चालना दिली. मात्र दुधाच्या हिशेबात नुकत्याच जन्मलेल्या वासराकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. वस्तुतः आजची कालवड हीच उद्याची दुभती गाय होय.

जन्मक्षणीचे संकट

गर्भाशयात असताना वासराला प्राणवायू नाळेवाटे मिळतो. जन्मताच त्याची फुप्फुसे कार्य करू लागतात आणि शरीरातील ज्वलनक्रिया एकाएकी वाढते. या क्रियेत काही अतिक्रियाशील द्रव्ये निर्माण होतात व ती पेशींच्या आवरणांना इजा करतात. त्यांना आवर घालणाऱ्या द्रव्यांना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये म्हणतात. १९२२ साली अमेरिकेत शोध लागलेले ‘ई’ जीवनसत्त्व हे त्यांपैकी प्रमुख. सेलेनियम हे सूक्ष्म खनिज त्याच्या जोडीला काम करते. असे संरक्षण देणाऱ्या एका विकराचा ते घटक आहे, हे १९७३ साली सिद्ध झाले. या दोहोंची उणीव पडल्यास वासराचे स्नायू दुबळे होतात व त्याला उभे राहणेही कठीण जाते. ‘अ’ जीवनसत्त्व डोळे, आतडी व श्वसनमार्ग यांची अस्तरे निरोगी राखते. ते कमी पडल्यास हगवण आणि फुप्फुसदाह यांना वाव मिळतो.

चिकाचे महत्त्व

‘अ’ आणि ‘ई’ ही जीवनसत्त्वे वारेतून गर्भाकडे फारच अल्प प्रमाणात जातात. रोगप्रतिबंधक द्रव्ये तर गाईच्या वारेतून जातच नाहीत. त्यामुळे वासरू जवळजवळ रिक्त हस्ताने जन्मते आणि ही उणीव चीक भरून काढतो. गाईच्या चिकाचा गडद पिवळा रंग हा त्यातील कॅरोटीनचा. रोगप्रतिबंधक द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची शक्ती तासागणिक घटते आणि सुमारे चोवीस तासांत संपते.

वार पडेपर्यंत चीक पाजू नये, हा काही ठिकाणी आढळणारा समज म्हणूनच घातक आहे. उलट, वासरू लुचू लागल्याने वार पडण्यास मदतच होते. जन्मानंतर एक-दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा. पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका, म्हणजे तीस किलो वजनाच्या वासरास तीन लिटर चीक, दोन-तीन वेळा विभागून द्यावा. खरवसाची आवड सर्वांनाच असते. परंतु पहिल्या धारेवर हक्क वासराचा. त्याचे पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस खुशाल करावा.

गाभण गाईचा आहार

चिकाचा कस गाईच्या आहारावर अवलंबून असतो. उन्हात फार दिवस पडून राहिलेल्या कडब्यातील कॅरोटीन व ‘ई’ जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात मुख्य वैरण असलेला भाताचा पेंढा तर याबाबतीत मुळातच निकृष्ट. म्हणून विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवून तिला रोज थोडा तरी लसूणघास, मका किंवा अन्य हिरवा चारा आणि क्षारमिश्रण द्यावे. उन्हाळ्यात विणाऱ्या गाईंबाबत याची विशेष दक्षता घ्यावी. सेलेनियमची मात्रा जास्त झाल्यास विषबाधा होते. म्हणून त्याची टोचणी पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

एवढ्या उपायांना खर्च थोडाच येतो. वेळेवर पाजलेला चीक आणि गाभण गाईपुढे टाकलेली हिरव्या चाऱ्याची पेंढी यांवर गोठ्याचे भवितव्य अवलंबून आहे, हे प्रत्येक पशुपालकाने ध्यानी घ्यावे.