उसाचा काटा आणि पृथ्वीची ओढ

बारामती-इंदापूर पट्ट्यात गाळप सुरू झाले की सगळ्यांचे लक्ष कारखान्याच्या वजनकाट्याकडे लागते. भवानीनगर असो, माळेगाव असो की सोमेश्वरनगर, वर्षभराच्या कष्टाचे पैसे त्याच्या पावतीवर ठरतात. आधी भरलेल्या गाडीचे वजन, मग रिकाम्या गाडीचे. वजाबाकी उरते ती शेतकऱ्याची.

फलाटाखाली पोलादी लोडसेल असतात. भार पडला की पोलाद केसभर दबते, त्यावर चिकटवलेल्या बारीक धातुपट्ट्या ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. म्हणजे काटा मोजतो ती खाली ओढणारी ताकद. जुन्या तराजूत दोन्ही पारड्यांवर ओढ सारखीच पडे, त्यामुळे तो कुठेही नेला तरी चालायचा. लोडसेलचे तसे नाही.

कारण ही ओढ जागोजागी बदलते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर फुगलेली आहे. म्हणून गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर ९.७८०, तर ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग भरते. ध्रुवावर जुळवलेला काटा तसाच बारामतीत बसवला, तर २० टन उसामागे जवळजवळ १०० किलो कमी दाखवील. मुंबईहून आणला तर फरक पाचएक किलोंचा. बारामतीची साडेपाचशे मीटरच्या आसपासची उंची आणि जमिनीखालचा खडक, दोन्हींचा त्यात हात आहे.

हा खडक फार रंजक आहे. भीमेपलीकडे कुर्डुवाडीच्या परिसरात गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरते. १९७३ साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या भूभौतिकशास्त्रज्ञांनी त्यावरून दख्खनच्या बेसाल्टखाली खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात, असे मांडले. त्यावर पुढे मतभेद झाले. पण काळ्या कातळाखालचे जग फक्त ओढ मोजून चाचपता येते, हे मला विलक्षण वाटते.

शेजारच्या दोन काट्यांमधला असा फरक मात्र ५-१० किलोंच्या टप्प्याने वाचणाऱ्या पडद्यावर दिसतच नाही. त्यामुळे खेपेमागे क्विंटलभर तूट आली, तर ती गुरुत्वाकर्षणाच्या माथी मारता येणार नाही. उपाय कायद्यातच आहे: वैधमापन खात्याने दरवर्षी काट्याची पडताळणी जागेवरच करायची. प्रमाणित वजने फलाटाच्या प्रत्येक कोपऱ्यावर ठेवून आकडा पाहायचा, आणि तो शेतकऱ्यांसमोर पाहायला हवा.