जुन्या मालमोटारीचे पाटे



रिकामी मालमोटार रस्त्यानें जात असतां तिचा जो खडखडाट कानीं येतो, तो ऐकून आपण सहज म्हणतों कीं, गाडी जुनी झाली, खिळखिळी झाली. वास्तविक हा दोष जुनेपणाचा थोडा आणि रिकामेपणाचा फार असतो. तीच गाडी पोतीं भरून परत येऊं द्या. तोच रस्ता, तेच खड्डे, पण चाल कशी संथ व भारदस्त! असें कां व्हावें, आणि जिच्यावर आतां कोणी ओझें लादीत नाहीं अशा एखाद्या जुन्या मालमोटारीची चाल मऊ करावयाची झाली तर काय करावें व काय करूं नये, हें आज सांगण्याचा विचार आहे.

प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीचा कारखाना १९२८ सालीं सुरू झाला आणि १९५४ पर्यंत तेथें शेव्हरोलेट गाड्यांची जुळणी होत असे. त्या काळच्या मालमोटारी कांहीं घराण्यांनीं अजून जपून ठेवल्या आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे अशी एक आहे. त्याचे आजोबा तिच्यांतून कोल्हापूरच्या पेठेंत गूळ नेत. आतां ती वर्षांतून दोनचार वेळां बाहेर निघते आणि त्या वेळीं त्याच्या सत्तरी उलटलेल्या मातोश्री मोठ्या हौसेनें पुढें बसतात. परंतु परत आल्या कीं तीन दिवस पाठ धरून निजतात. "गुरुजी, मागचे चार पाटे काढून टाकूं का?" असें त्यानें मला विचारलें. हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं.

गाडीचा सांगाडा आणि चाकांचा आंस यांमध्यें पोलादी पट्ट्यांची जी जुडी दिसते ती कमान, व तिच्यांतील एकेक पट्टी म्हणजे पाटा. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याचीं टोकें वळवून डोळे केलेले असतात आणि त्यांत पिना बसतात. बाकीचे पाटे उतरत्या लांबीचे, एकाखालीं एक, मधोमध बोल्टानें जखडलेले. एक टोक सांगाड्याला पक्कें, तर दुसरें एका झुलत्या कडीला, जिला कारागीर शॅकल म्हणतात. वजन पडून कमान सपाट होऊं लागली कीं तिच्या दोन टोकांमधील अंतर वाढतें आणि त्या वाढीला कोठें तरी वाट हवी. ही युक्ति मोटारींहून पुष्कळ जुनी आहे. ओबडाया एलियट या इंग्रज कारागिरानें घोडागाडीच्या कमानींचें पेटंट १८०४ सालीं घेतलें होतें.

आतां रिकाम्या गाडीचें कोडें पाहूं. रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेंत शिकलेलों आहों: भार दुप्पट तर स्प्रिंगचा दाब दुप्पट. त्याचाच पुढील धागा असा कीं, स्थिर वजनाखालीं कमान जितकी अधिक दबते तितके तिचे हेलकावे संथ होतात. उदाहरणादाखल असें धरूं कीं, भरलेल्या गाडीच्या मागील कमानींवर चार टन पडतात व त्या ११ सेंटिमीटर दबतात. रिकामी असतां एकच टन पडला, तर त्या पावणेतीन सेंटिमीटरच दबतील. गणित केलें म्हणजे पहिल्या स्थितींत मिनिटास सुमारें ९० हेलकावे येतात आणि दुसरींत १८०. प्रवासी मोटारी साधारणतः मिनिटास ६० ते ९० या बेतानें बांधतात. बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जाचक हादरे मिनिटास २४० ते ४८० या टप्प्यांतले. म्हणजे रिकामी मालमोटार आपल्याला सुखाच्या बाजूकडून दुःखाच्या बाजूकडे अर्ध्या वाटेवर नेऊन सोडते.

उरलेली वाट गंज पुरी करतो. तो कसा, हें घरीं बसून पाहतां येईल. एक शंभर पानी वही घ्या आणि वाकवा. ती सहज वाकते, पण तिच्या मोकळ्या कडेकडे नीट पाहिलें तर पानें एकमेकांवरून सरकून ती कड तिरकस झालेली दिसेल. आतां दोन्हीं कडा चिमट्यांनीं घट्ट धरून तीच वही वाकवून पाहा. ती फळीसारखी अडून बसते. पाट्यांचेंही तसेंच आहे. सारख्या जाडीच्या व लांबीच्या आठ पट्ट्या मोकळ्या सरकत असतील तर त्यांचा ताठरपणा एका पट्टीच्या आठपट होतो. त्याच पट्ट्या एकजीव झाल्या तर तो आठाच्या घनाइतका, म्हणजे ५१२ पट होतो! गंजलेली कमान इतकी एकजीव कधीं होत नाहीं हें खरें. परंतु लहान खड्ड्यांचा धक्का त्या गंजाची पकड सोडवूं शकत नाहीं. मग गाडी कमानींवर न झुलतां नुसत्या टायरांवर उसळूं लागते आणि ते जलद हादरे थेट पाठीच्या मणक्यांत जातात.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मीं सांगितलें कीं, काढण्याची भाषा मागाहून. आधीं जें जखडलें आहे तें मोकळें कर. त्यांतून मातोश्री बसतात ती जागा पुढची. पुढील कमानींवर इंजिनाचें ओझें रिकामेपणींही असतेंच. तेथील ताठरपणाबद्दल माझा पहिला संशय गंजावरच असतो.

हें काम असें चालतें. गाडीचा सांगाडा भक्कम घोड्यांवर उचलून घ्यावा आणि कमान उतरवावी. मधला बोल्ट सोडण्यापूर्वीं जुडी शिकंज्यांत दाबून धरली पाहिजे. पाट्यांची वांक कमीअधिक असते, त्यामुळें ते दाबाखालीं असतात, आणि बोल्ट निघतांच उसळून माणसाला इजा करतात. सुटे झालेले पाटे तारेच्या ब्रशानें घासून लख्ख करावे. प्रत्येक पाटा भिंगाखालीं पाहावा. केसासारखी बारीक चीर दिसली तरी तो बाद. खालच्या पाट्याचें टोक वरच्या पाट्यांत खांच पाडतें. अशीं टोकें कानशीनें गोलसर करावीं, आणि खांच खोल असेल तर पाटाच बदलावा. मग ग्राफाइटयुक्त वंगण लावावें किंवा पाट्यांमध्यें टणक प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या घालाव्या. शॅकलच्या पिना व बुश यांकडे माझ्या मतें सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. ती कडी हातानें झुलली नाहीं तर वरचें सारें श्रम फुकट.

मात्र पाट्यांमधील घर्षण हा निव्वळ शत्रु नव्हे. हेलकावा थांबविण्याचें काम तेंच करीत असतें. तें कमी केलें आणि शॉक ॲब्सॉर्बर निकामी असले तर गाडी एकदां उसळली कीं नावेसारखी डोलत राहते. तेव्हां तेही दुरुस्त करून घ्यावे. मागें मुळांत नसतील तर बसवून घ्यावे.

इतकें करूनही मागची बाजू ताठरच राहिली तर पाट्यांना हात घालावा. येथें एक गणित ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो, पण भार सोसण्याची शक्ति जाडीच्या वर्गाप्रमाणें वाढते. समजा, कमानींत १० मिलिमीटर जाडीचे सहा पाटे आहेत. त्यांतील तीन काढले तर ताठरपणा निम्मा होतो आणि शक्तीही निम्मी होते. त्याऐवजीं ७ मिलिमीटरांचे नऊ पाटे घातले तरी ताठरपणा जवळजवळ निम्माच होतो, परंतु शक्ति सुमारें पाऊणपट शिल्लक राहते. पुष्कळ पातळ पाटे हे थोड्या जाड पाट्यांहून बरे, तें यामुळें. नवी कमान घडवावयाची नसेल आणि पाटेच कमी करावयाचे असतील, तर ते खालच्या लहान पाट्यांतून, एकेक, दोन्हीं बाजूंनीं सारखे काढावे. मुख्य पाटा आणि त्याच्या डोळ्याला कवेंत घेणारा दुसरा पाटा यांना कदापि हात लावूं नये. काढलेल्या पाट्याच्या जागीं तेवढ्याच जाडीचा आंखूड तुकडा मध्यावर ठेवला म्हणजे यू बोल्टांची पकड व गाडीची उंची बिघडत नाहीं.

पुष्कळांचा असा समज असतो कीं, बसलेल्या कमानीला पुन्हां वांक दिली म्हणजे ती मऊ होते. तसें नाहीं. वांक वाढल्यानें गाडीची उंची वाढते. ताठरपणा होता तेवढाच राहतो. त्यांतही वांक थंड पाट्याला, दाबयंत्रावर किंवा ऐरणीवर हातोडीनें द्यावी. भट्टींत लाल करून पाटा हवेंत निवूं दिला तर त्याचें पाणी उतरतें आणि तो थोड्याच दिवसांत पुन्हां बसतो. लाल असतांनाच पाण्यांत बुडविला तर कांचेसारखा ठिसूळ होतो. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी द्यावयाचें म्हणजे सुमारें ८५० ते ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून तेलांत विझवावें लागतें आणि पुन्हां ४५० ते ५०० अंशांपर्यंत आंच द्यावी लागते. तें मोजमाप ज्याच्यापाशीं आहे त्यानेंच तें करावें. पाट्यावर वेल्डिंग तर करूंच नये.

इतक्या सावधगिरीचें कारण असें कीं, बहुतेक जुन्या मालमोटारींत कमान नुसतें वजन पेलीत नाहीं. ती आंसाला जागेवरही धरून ठेवते. ब्रेक लागला कीं चाकांचा सारा ओढा तिच्यावर येतो. अशीच चार पाटे काढलेली एक गाडी मीं पाहिली आहे. पुढें मालकाला मोह झाला आणि त्यानें तिच्यांत विटा भरल्या. उतारावर मुख्य पाटा डोळ्यापाशीं तुटला, आंस एका बाजूनें मागें सरकला आणि गाडी नाल्यांत गेली. माणसें वांचलीं.

तेव्हां पाटे कमी केलेल्या गाडीच्या नोंदणीपुस्तकांत लिहिलेलें वजन आतां तिचें नव्हे, हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असलें पाहिजे. आज नाहीं तर पुढच्या पिढींत कोणी तरी तिच्यांत ओझें भरणारच. कमान चढवितांना यू बोल्ट नवे घालावे, कारण एकदां ताणलेले बोल्ट पुन्हां तशी पकड धरीत नाहींत. टायरांत पूर्ण ओझ्याची हवा भरण्याची जुनी संवय सोडून रिकाम्या वजनास टायर बनविणारानें सांगितली असेल तेवढीच भरावी. आणि शंभरएक किलोमीटर चालल्यावर पाटे आपापल्या जागीं बसतात, त्या वेळीं सर्व नट पुन्हां एकदां आवळून घ्यावे.