देणगी फिप्सची, परतफेड परभणीची

दिल्लीतील पुसा कृषी विज्ञान मेळ्याला जाणाऱ्या शेतकऱ्यांना ‘पुसा’ या नावाची एक व्युत्पत्ती अनेकदा ऐकविली जाते: ‘फिप्स ऑफ यूएसए’. ती आकर्षक आहे, परंतु खरी नाही. पुसा हे बिहारमधील गाव. देणगीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी ते ईस्ट इंडिया कंपनीकडे आले होते व तेथे घोड्यांची पैदास होत असे. देणगी मात्र खरी होती.

हेन्री फिप्स हे अमेरिकेतील पोलाद उद्योगात अँड्र्यू कार्नेगी यांचे भागीदार. त्यांनी लॉर्ड कर्झन यांच्याकडे प्रथम २०,००० पौंड सुपूर्द केले आणि पुढे ती रक्कम ३०,००० पौंडांपर्यंत वाढविली. त्या काळच्या पंधरा रुपये दराने हे साडेचार लाख रुपये होतात. पैसा लोकोपयोगी कार्यासाठी, शक्यतो शास्त्रीय संशोधनासाठी वापरावा, एवढीच त्यांची इच्छा होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. दुष्काळनिधीसाठी देशात व परदेशात वर्गण्या जमल्या होत्या. त्यातून भुकेलेल्यांना लगेच अन्न मिळाले. फिप्स यांच्या पैशातून कोणाचेही पोट लगेच भरणार नव्हते. काही हिस्सा कुन्नूरच्या पाश्चर संस्थेला गेला, तर मोठ्या हिश्श्यातून १९०५ मध्ये पुसा येथे कृषी संशोधन संस्थेची पायाभरणी झाली.

तथापि देणगीने इमारत उभी राहते, संस्था चालत नाही. वेतन, प्रक्षेत्रे, बियाणे यांचा आवर्ती खर्च सरकारी तिजोरीतून झाला आणि त्या तिजोरीत शेतसाऱ्याचा वाटा मोठा होता. फिप्स यांचे नाव प्रयोगशाळेला मिळाले. सारा भरणाऱ्या कुणब्याचे नाव कोठेच कोरले गेले नाही. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात ती इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीत आली. जुन्या गावाचे नाव तेवढे सोबत आले.

ते नाव महाराष्ट्रात पोहोचले बियाण्याच्या पिशवीवरून: पुसा रुबी टोमॅटो, पुसा ज्वाला मिरची, पुसा सावनी भेंडी. यांपैकी भेंडीची कथा विशेष बोधक आहे. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या यलो व्हेन मोझॅक या विषाणूरोगाला तोंड देण्यासाठी दिल्लीत डॉ. हरभजन सिंग यांनी पुसा सावनी विकसित केली. कालांतराने तिची सहनशीलता ढासळली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने याच पुसा सावनीचा भेंडीवर्गातील दुसऱ्या प्रजातीशी संकर करून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ दिली. मराठवाड्यातील हा वाण राज्याची सीमा ओलांडून उत्तर भारतातील शेतांतही रुजला. दिल्लीकडून घेतलेले ऋण असे सुधारून परत गेले. पुढे परभणी क्रांतीची प्रतिकारक्षमताही उणावली, हे सांगणे आवश्यक आहे. अशी परतफेड एकदा करून संपत नसते.

विस्तार कार्यकर्त्याला व शेतकऱ्याला यात सहभागी होण्यासाठी फिप्स यांच्याइतके धन लागत नाही. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या काळात पुसा येथे सुरू झालेला कीटकसंग्रह आज दिल्लीत ‘राष्ट्रीय पुसा संग्रह’ म्हणून जतन केलेला आहे. त्यात लाखो नमुने आहेत आणि प्रत्येक नमुना कोणीतरी शेतात वाकून पकडलेला आहे. कीड ओळखण्याचा आधार असे संग्रहच असतात. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशातील मक्यावर आढळली, तेव्हा पहिला प्रश्न ही नेहमीची अळी की नवी, हाच होता. डोक्यावरील उलट्या ‘वाय’ आकाराची खूण आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके पाहून आज गावातील शेतकरीही ती ओळखतो.

अनोळखी कीड दिसल्यास फवारणीपूर्वी काही नमुने घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावेत. अळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. पतंग व फुलपाखरे मात्र द्रवात न टाकता कागदाच्या पुडीत कोरडी ठेवावीत. नोंदीविना नमुना संग्रहाच्या फारसा उपयोगाचा नाही. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, दिनांक, पीक आणि नमुना गोळा करणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी. ती पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई बहुधा अल्कोहोलमध्ये विरघळते.